एका बिघाडाच्या शंभर घंटा

सदर : परीक्षानळी

मंडळी, मागच्या अंकात पिण्याच्या पाण्यातल्या क्षारांविषयी लिहिले आणि घरोघरच्या फिल्टरांची चौकशी आमच्याकडे सुरू झाली. कोणता फिल्टर घ्यावा हे सांगणे आमचे खाते नव्हे, एवढे नम्रपणे नमूद करून पुढे जातो. या वेळचा विषय संगणकांच्या जाळ्याचा आहे. जाळ्यात कुठे बिघाड झाला की एकाच वेळी शेकडो अलार्म वाजू लागतात. त्यांतून खरा बिघाड शोधायचा कसा? आम्ही रसायनवाले, या विषयात पाहुणे. पण विषय आमच्यावर गुदरला, म्हणून घेतला.

६ सप्टेंबर २०२५, शनिवार, अनंत चतुर्दशी. मंडळाच्या गणपतीचे विसर्जन टाकीत करून, उरलेल्या खिरापतीचा डबा घेऊन आम्ही डीआयपीतल्या घरी पोहोचलो आणि फोन सुरू झाले. मंडळाच्या यादीत 'दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क विभाग' या नावापुढे आमचा नंबर छापलेला आहे. एरवी तो जेवणाची ताटे किती धरायची एवढ्यासाठीच उपयोगी पडतो. त्या रात्री मात्र तेवीस फोन आले. घरोघरी लालबागच्या राजाची मिरवणूक लावलेली, आणि चित्र पुढे सरकेना. एकाचा राउटर गेला होता, एकाचा नवा टीव्ही खराब निघाला होता. एका वहिनींना बिल भरायचे राहिले असे वाटत होते. एका घरात सगळा आळ नववीतल्या चिरंजीवांवर आला होता. दुसऱ्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण होते, तर एका काकूंनी त्याचाही संबंध जोडून पाहिला. (रविवारी आणखी गंमत झाली. भरती आणि तराफ्याच्या घोळामुळे राजाचे विसर्जनच रात्रीपर्यंत लांबले, तेव्हा अडकले आहे ते चित्र की राजा, हेच कळेना.)

उलगडा रात्रीच्या बातम्यांत झाला. जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात केबली तुटल्या होत्या; त्यांत एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन मोठ्या. भारत, पाकिस्तान आणि अमिराती, सगळीकडे इंटरनेट मंदावले होते. आता लालबाग आपल्या पूर्वेला आणि जेद्दाह पश्चिमेला, मग पश्चिमेकडची केबल तुटून पूर्वेचे चित्र का अडकावे? तर इंटरनेटची वाट नकाशावरच्या सरळ रेषेने जात नाही. पुष्कळ सेवांचे संगणक युरोपात असतात, आणि एक रस्ता बंद झाला की त्याची सगळी वाहतूक उरलेल्या रस्त्यांवर येते. शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर एखादी गाडी बंद पडली की आपल्या आतल्या रस्त्यांवर काय होते ते आपण जाणतोच.

नेटवर्कवाल्यांच्या भाषेत आमच्याकडे त्या रात्री 'अलार्मचा पूर' आला होता. तेवीस घंटा, प्रत्येकीचे शब्द निराळे, बिघाड बहुतेकांचा एकच. 'बहुतेकांचा' हा शब्द लक्षात ठेवावा. त्याच रात्री आमच्या कारखान्यातही एक पूर आला होता. ती हकीकत पुढे सांगतो. सांगायला जड आहे, म्हणून आधी थोडे शास्त्र.

एक साधी इमारत घ्या. तळघरात एक मुख्य स्विच, बारा मजल्यांवर बारा लहान स्विच, प्रत्येक मजल्यावर चार घरे आणि घरटी एक राउटर. देखरेख करणारा संगणक दर मिनिटाला प्रत्येकाला 'आहेस का?' असे विचारतो. तळघरातला स्विच गेला, तर तो स्वतः उत्तर देत नाही, बारा मजले देत नाहीत आणि अठ्ठेचाळीस घरेही देत नाहीत. एकसष्ट अलार्म, बिघाड एक. शिवाय विचारणा दर मिनिटाला, म्हणजे दहा मिनिटांत सहाशे ओळी पडद्यावरून सरकून जातात. रात्रपाळीच्या माणसाने त्यातली कोणती वाचायची?

पहिला उपाय म्हणजे तेच तेच अलार्म एका ओळीत बांधून शेजारी संख्या लिहिणे. हे सोपे. दुसरा उपाय वंशावळीचा. कोण कोणाच्या आधाराने उभा आहे हे संगणकाला आधीच सांगून ठेवायचे. नागिओस नावाची देखरेखीची एक जुनी, फुकट मिळणारी प्रणाली आहे, तिच्यात हा फरक फार नेमका केलेला आहे. तळघरातला स्विच 'बंद' आणि त्याच्या मागची घरे 'पोहोचता येत नाही'. ही दोन विधाने एक नव्हेत. पोहोचता येत नाही याचा अर्थ तिथे काय चालले आहे ते आपल्याला ठाऊक नाही, एवढाच. सुज्ञ वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. आम्ही थांबलो नव्हतो.

टेलिफोनवाल्यांनी तर ही युक्ती तारेतच बसवली होती. अमेरिकी पद्धतीच्या जुन्या डिजिटल लाइनींवर लाल, पिवळा आणि निळा असे अलार्म असत. आपल्याकडे येणारा सिग्नल नाहीसा झाला की लाल. पलीकडच्या टोकाला आपले ऐकू येत नाही असे त्याने कळवले की पिवळा. निळा मात्र खास. वाटेतल्या यंत्राला मागून काही येईनासे झाले की ते पुढच्या सगळ्यांना निळा पाठवते. त्याचा अर्थ असा, की बिघाड माझ्या मागे आहे, तुम्ही आपापल्या नावाने शंख करू नका. चाळीत पाणी गेले की खालच्या मजल्यावरचे कोणीतरी जिन्यातून 'टाकीच रिकामी आहे हो!' असे ओरडून सांगते आणि वरचे आपापले नळ खोलून बघायचे थांबतात, तसे.

१९९२ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एक्स.७३३ नावाचे प्रमाणपत्रक काढून अलार्मच्या पायऱ्या ठरवून दिल्या: गंभीर, मोठा, किरकोळ, नुसता इशारा, शिवाय 'ठरवता येत नाही' आणि 'मिटला'. पण पायरी ठरवणारे यंत्र स्वतःपुरतेच पाहते आणि प्रत्येकाला आपलेच दुखणे गंभीर वाटते. कार्यकारिणीच्या बैठकीला बसलेल्यांना हे वेगळे समजावायला नको.

आम्हांला सर्वांत भावलेली युक्ती येमिनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलेली आहे. प्रत्येक संभाव्य बिघाडाने कोणकोणती लक्षणे उमटतील त्याचे आधीच एक कोष्टक करायचे. मग आलेल्या लक्षणांचा नमुना कोष्टकातल्या कोणत्या ओळीशी सर्वांत जवळचा आहे ते पाहायचे. एखादे लक्षण वाटेत हरवले किंवा एखादे चुकून आले तरी ओळ ओळखू येते. कॉलेजात क्षारांची परीक्षा ज्यांनी केली आहे त्यांना ही ओळख लगेच पटेल. अमुक गटात अवक्षेप, तमुक रंगाची ज्योत, म्हणजे अमुक धातू.

आणि तिथेच आमच्या सरांनी शिकवलेली एक गोष्ट होती. क्रोमॅटोग्राफच्या कागदावर मोठे शिखर आले की विद्यार्थी खूष होतो आणि घटकाचे नाव लिहून मोकळा होतो. सर विचारायचे, या शिखराचा खांदा असा तिरपा का? मोठे शिखर आपल्या गणिताने वजा करा आणि खाली काय उरते ते दाखवा. पुष्कळदा खांद्याआड एक छोटे शिखर लपलेले असायचे, आणि औषधात नको असलेली अशुद्धी नेमकी तीच असायची. अलार्मचा संबंध जोडताना हा वजाबाकीचा भाग लोक विसरतात. मूळ बिघाड सापडला, त्याने शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव घंटांचा खुलासा झाला, तर उरलेल्या दोन घंटा कोणाच्या?

याचे मोठे उदाहरण आपल्या दारातच घडलेले आहे. जुन्या मंडळींना २००८ चा जानेवारी-फेब्रुवारी आठवत असेल. ३० जानेवारीला अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि एसएमडब्ल्यू-४ या दोन केबली तुटल्या आणि भारताचे इंटरनेट निम्म्यावर आले. फ्लॅग म्हणजे १९९७ साली सुरू झालेली, इंग्लंडपासून जपानपर्यंत २८,००० किलोमीटर जाणारी केबल. ती मुंबईला लागते तशी आपल्या फुजैरालाही लागते, आणि तिच्या देखरेखीचे केंद्र फुजैरालाच उभारले होते. मुंबईच्या बिघाडाची घंटा फुजैराच्या डोंगराआड वाजायची, याची आम्हांला उगाच मौज वाटते. पुढे १ फेब्रुवारीला फाल्कन नावाची केबल दुबईपासून ५६ किलोमीटरवर तुटली. ३ तारखेला कतार आणि अमिराती यांच्यामधल्या आणखी एका केबलीत बिघाड झाला.

पाच दिवसांत चार केबली! लोकांनी चटकन संबंध जोडला की हा घातपात आहे. इराण जगापासून पूर्ण तुटला अशीही आवई उठली. प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्यांनी ती खोटी ठरवली. मग एकेक खुलासा होत गेला. फाल्कनच्या तुटल्या जागी पाच-सहा टन वजनाचा टाकून दिलेला नांगर सापडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उपग्रहाच्या छायाचित्रांवरून माग काढून दोन जहाजे दुबईत अडकवून ठेवण्यात आली. कतारच्या केबलीचे कारण वीजपुरवठ्याचे निघाले, तिथे काही कापलेच गेले नव्हते. जगभरात समुद्राखालच्या केबलींना वर्षाला दीडशे-दोनशे बिघाड होतात आणि त्यांतले बहुतेक मासेमारी आणि नांगर यांमुळे. २०२५ च्या जेद्दाहच्या तुटीलाही बहुधा ओढत नेलेला नांगरच कारण होता, असे केबलवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने म्हटले. सांगायचे म्हणजे, २००८ साली एकाच आठवड्यातल्या घंटा एकाच दोरीला बांधण्याची घाई झाली. एकाच वेळी वाजल्या एवढ्यावरून त्या एकाच कारणाच्या ठरत नाहीत.

केबल कुठे तुटली ते शोधण्याची रीतही सुंदर आहे. किनाऱ्यावरून तंतूत प्रकाशाची एक चमक सोडतात आणि तुटल्या टोकाकडून ती परत यायला किती वेळ लागतो ते मोजतात. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे छप्पन्न किलोमीटर जाऊन यायला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून थोडे अधिक. असो. या वाटेने गेलो तर पाने पुरायची नाहीत आणि झेरॉक्सचा खर्च खजिनदार आमच्या नावावर टाकतील.

आमच्या धंद्यातही या पुराने माणसे जखमी केलेली आहेत. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, सव्वीस माणसे जखमी झाली. चौकशीत निघाले की स्फोटाआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. एक झडप उघडी आहे असे पडद्यावर दिसत होते आणि ती प्रत्यक्षात बंद होती, हे त्या गर्दीत कोणाला उमगले नाही. पुढे १९९९ साली ब्रिटनमधल्या कारखानदारांच्या एका संस्थेने मार्गदर्शिका काढली, तीत म्हटले की गडबड सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत दहापेक्षा जास्त अलार्म माणसापुढे येऊ नयेत. अलार्म म्हणजे ज्यावर कोणीतरी काहीतरी करायचे आहे ते. बाकी सगळी माहिती, ती वहीत जावी. आम्ही हे पुस्तक वाचलेले आहे. नव्या मुलांना त्यावर भाषणही देतो.

आता कारखान्याची हकीकत. आमचा कारखाना डीआयपीतच आहे, नाव सांगत नाही. राळेला घट्ट करणारे एक सेंद्रिय पेरॉक्साइड आम्ही दोन थंड खोल्यांत ठेवतो, पंचवीस-पंचवीस किलोच्या कॅनांत. ते दहा अंशांच्या आत असावे लागते. वीस अंशांना सावध व्हायचे, पंचवीसला आणीबाणी, आणि पस्तिसाच्या आसपास ते आपणहून तापू लागते; मग त्याला थांबवणे माणसाच्या हातात राहत नाही. सप्टेंबरात डीआयपीत रात्री बाहेरच तेहेतीस अंश असतात, हे ध्यानात घ्यावे. खोल्यांतले तापमानमापक आपले आकडे इंटरनेटवरून युरोपातल्या एका संगणकाकडे पाठवतात आणि तिथून आमच्या फोनवर अलार्म येतात. कारखान्यात असे चौतीस मापक आहेत.

त्या शनिवारी दुपारपासून चौतिसांचेही संदेश सुरू झाले: 'संपर्क तुटला', 'संपर्क आला', 'संपर्क तुटला'. विसर्जनाच्या आरतीत खिसा सारखा थरथरत होता. रात्री केबलीची बातमी वाचली आणि आम्ही मोठ्या तोऱ्यात रात्रपाळीला कळवले की सगळ्याचे कारण एकच आहे, सोमवारपर्यंत हे संदेश बंद ठेवा. आमच्या सहीने ते बंद झाले. वर मंडळाचे तेवीस फोन घेऊन कान किटले होते, म्हणून आमचा फोनही मुका करून उशीखाली ठेवला.

पहाटे दोनच्या सुमारास एका थंड खोलीच्या कॉम्प्रेसरचा ब्रेकर ट्रिप झाला. युरोपातल्या संगणकाच्या लेखी ती खोली आधीच 'संपर्क तुटलेली' होती, त्यामुळे नवे असे काहीच घडले नाही. खोलीबाहेर बझर होता, पण तो पंचवीस अंशांना लावलेला. रात्रपाळीला जालन्याकडचा एक तरुण तंत्रज्ञ होता. दर दोन तासांनी हातातल्या थर्मामीटरने तापमान घेऊन वहीत लिहायचे, ही जुनी पद्धत तो पाळत असे. ती वही बंद करावी असा प्रस्ताव आम्हीच जूनमध्ये दिला होता. चार वाजता त्याने सोळा अंश लिहिले. ब्रेकर एकदा वर केला, तो पुन्हा पडला. मग त्याने आम्हांला चार वेळा फोन लावला. शेवटी फोर्कलिफ्टवाल्या मल्याळी माणसाला उठवून दोघांनी सगळे कॅन दुसऱ्या खोलीत नेले. साडेपाचला दुसरी खोली आठ अंश, अशी नोंद आहे. अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ आहे.

चौकशी झाली. पहिला प्रश्न असा की परवाना नसताना धोकादायक माल का हलवला? त्या मुलाला ताकीदपत्र मिळाले. ताकीदपत्राचा अर्थ आपल्याला इथे वेगळा सांगायला नको. नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि गावाकडे बहिणीच्या लग्नाचे कर्ज तसेच असते. पत्रावर विभागाच्या वतीने आमची सही हवी होती. आम्ही दोन दिवस ते टेबलाच्या खणात ठेवले. आमचाही व्हिसा आहे, आमच्याही मुलांची फी असते, आणि 'संदेश बंद करा' हे वाक्य आमचे होते, हे चौकशीत कोणी विचारलेच नव्हते. वही सोडली तर ते कुठेच दिसत नव्हते. वहीत मात्र त्याने रात्री साडेदहाला लिहून ठेवले होते: 'सूचनेनुसार सर्व संदेश बंद.' सूचना कोणाची, ते त्याने लिहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्ही लिहून दिले की सूचना आमची. चौतीस घंटांचा एक बाप आम्ही शोधला तो बरोबर होता, आणि दोन खोल्यांपुरते तरी मागे कोण उभे आहे ते पाहायला हवे होते, ते पाहिले नाही. त्याचे पत्र फाइलीतून काढले गेले. आमच्या फाइलीत एक आले. साहेबांनी आवाज चढवला नाही, त्याचेच जास्त लागले.

नंतर त्याला विचारले, सगळे संदेश बंद केले होते, मग तू खोलीपर्यंत गेलास कशाला? तो म्हणाला, "सर, मशीन म्हणत व्हतं संपर्क नाही. संपर्क नाही म्हनल्यावर जाऊन बघावंच लागतंय की."

आता आमच्याकडे थंड खोल्यांचा 'संपर्क तुटला' हा अलार्म बंद करता येत नाही, कोणाच्याही सहीने नाही. तो आला की अर्ध्या तासात माणूस थर्मामीटर घेऊन जातो आणि आकडा लिहितो. बाकी बत्तीस मापकांचे संदेश केबलीच्या नावाखाली खुशाल एका ओळीत बांधा. बझर पंधरा अंशांवर आणला आहे. वही चालू आहे.

मंडळाच्या तेवीस फोनांचीही पुढे आम्ही वजाबाकी केली. मंगळवारपर्यंत बहुतेकांचे इंटरनेट बरे झाले. एका आजोबांचे झाले नाही. 'केबल तुटली आहे, थांबा' असे आम्हीच त्यांना सांगितलेले, म्हणून ते बिचारे आणखी चार दिवस थांबले. त्यांच्या राउटरचा अडॅप्टर जळला होता. तेव्हा यापुढे इंटरनेट गेले तर फोन करण्यापूर्वी एवढे पाहावे: राउटरचे दिवे लागले आहेत का, आणि शेजारच्या घरीही गेले आहे का. ही दोन उत्तरे हाती असली की आमचे काम निम्मे होते.

फोन आता रात्री उशाशी असतो, आवाज चालू ठेवून. जेवणाच्या ताटांचे फोन मात्र कृपया नऊच्या आत करावेत.